फोन नंबर फेरीबोटीनं पलीकडे नेताना

मुद्दाम वाईट फॉर्म बनवणाऱ्या आमच्या ग्रुपचा पहिला नियम असा, की फॉर्म भरून पूर्ण करता आला पाहिजे. भरणाऱ्याला हवं तेवढं पिडा, पण शेवटी त्याचं काम झालं पाहिजे. दुसरा नियम, नशिबावर काही सोडायचं नाही. बटण दाबल्यावर फासे पडतात आणि सहा आला तरच पुढे जाता येतं, असलं काही चालत नाही. तसा वैताग कुणालाही आणता येतो, त्यात कसब ते काय? बाकीचे नियम भांडणांतून होत गेले आणि अजून होताहेत.

ग्रुप म्हणजे गोव्यातल्या फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वेगवेगळ्या वर्षांना शिकलेली आम्ही मंडळी. आता कुणी पर्वरीत, कुणी वेर्ण्यात, कुणी पुण्यात नि बंगळुरात. बहुतेकांचं पोट फॉर्मवरच चालतं. कुणी विम्याचे बनवतं, कुणी हॉटेल बुकिंगचे. मी रुग्णनोंदणीचे स्क्रीन बनवते. दिवसभर ‘युजरला त्रास होता कामा नये’ ऐकून कान किटतात. मग महिन्यातून एकदा कुणीतरी विषय टाकतं आणि त्यावर प्रत्येकानं मुद्दाम, मन लावून, एक भिकार स्क्रीन बनवायचा. महिनाअखेरीला व्हिडिओ कॉलवर सगळे एकमेकांचे फॉर्म भरतो, शिव्या घालतो आणि मतं देतो. बक्षीस काही नाही. ज्याला सगळ्यांत कमी मतं, त्यानं पुढच्या भेटीत सगळ्यांना रस ऑम्लेट खिलवायचं, एवढंच.

त्या महिन्याचा विषय होता फोन नंबर.

विषय ऐकून अर्ध्या लोकांनी नाकं मुरडली, कारण फोन नंबर म्हणजे या खेळातली मुळाक्षरं. २०१७ साली जगभरच्या प्रोग्रामरांना अचानक हे वेड लागलं होतं. कुणी आवाज कमी-जास्त करायचं असं बटण बनवलं की स्पीकरचं चित्र दाबून धरायचं, ते गलोलीसारखं ताणलं जायचं आणि सोडलं की गोळी उडून पट्टीवर जिथे पडेल तेवढा आवाज. कुणी फोन नंबर टाकायला लांबलचक ड्रॉपडाउन दिला. पुढे २०१९ मध्ये बागार या बेल्जियन कंपनीनं अख्खा एक खेळच काढला: साधा नोंदणीचा फॉर्म, पण पहिल्याच पानावर भलंमोठं हिरवं बटण आणि त्यावर ‘नो’. सवयीनं माणूस तेच दाबतो. पुढे जायची वाट खालच्या बारीक अक्षरांत लपलेली. मी तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भरायला घेतला आणि सुट्टी संपली.

त्यामुळे नवीन काहीतरी हवं होतं. तरी सुरुवात सगळे करतात तिथूनच मी केली, सरकपट्टीपासून. एक आडवी पट्टी, तिच्यावर गोटी, गोटी सरकवली की नंबर बदलतो. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ नं सुरू होणारे, म्हणजे पट्टीचं एक टोक ६०००००००००, दुसरं ९९९९९९९९९९. मधे ४०० कोटी नंबर. फोनवर पट्टी साधारण ३०० पिक्सेल लांब बसते. म्हणजे एका पिक्सेलमागे १ कोटी ३३ लाख नंबर. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार भरली होती. अंगठा एक पिक्सेल सरकला की नऊ गोवे मागे पडले. हे गणित ग्रुपवर टाकल्यावर फॉर्मपेक्षा गणितालाच जास्त हशा आला. की-बोर्डवरचा बाण दाबून धरून एकेक नंबर पुढे जायचं म्हटलं, सेकंदाला दहा धरले, तरी या टोकापासून त्या टोकाला पोचायला बारा वर्षांच्या वर. तरीही सरकपट्टी बाद केली. ती मुळातच जुनी, आणि तिच्यात एकदा हसल्यावर पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

मग प्रत्येक वेळी आकडे जागा बदलतील असा कीपॅड काढला. दाखवल्याबरोबर पुण्याचा मडगावकर म्हणाला, “हे तर नेट बँकिंगवाले सुरक्षेसाठी करतात. तू फुकट बँकेची नोकरी करतेयस.” खरंच होतं. पासवर्ड चोरणाऱ्याला आकड्यांची जागा कळू नये म्हणून काही ठिकाणी स्क्रीनवरचा की-बोर्ड असाच उलटसुलट केलेला असतो. विनोद म्हणून बनवायला जावं आणि ते आधीच कुठेतरी गंभीरपणे वापरात असावं, हे या उद्योगात नेहमीचंच.

मांडवीकाठच्या रायबंदरला राहत असल्यामुळे फेरीबोट मला नवी नाही. पलीकडच्या चोडण बेटावर मामाकडे जायचं तर तीच वाट. सलीम अली पक्षी अभयारण्य बघायला जाणारे पर्यटक धक्क्यावर फोटो काढत बसतात, आणि गाववाले स्कूटर बंद न करता उभे. त्या शनिवारी मीही रांगेत होते, डोक्यात फोन नंबर घोळत होता. पलीकडचा धक्का अजून बराच लांब असतानाच फेरीतल्या स्कूटरी चालू होतात. एक चालू झाली की सगळ्या. मग प्रत्येकजण पुढचं चाक इंच-इंच पुढे सारतो. फळी जमिनीला नीट टेकायच्या आधी पहिला सुटलेला असतो, त्याच्या मागून बाकीच्या, आणि मोटारवाले काचा वर करून सगळे जायची वाट बघत बसतात. आधी कोण चढलं आणि आधी कोण उतरलं याचा एकमेकांशी संबंध राहत नाही. आत जाताना एक क्रम, बाहेर येताना दुसरा. मला तिथेच फॉर्म मिळाला.

रचना अशी. भरणाऱ्यानं आपला नंबर नेहमीच्या साध्या चौकटीत टाइप करायचा. चौकट चांगली मोठी, आकडे स्पष्ट, कुठेही खोडी नाही. टाइप झालं की दहाही आकडे रायबंदरच्या धक्क्यावर एका रांगेत उभे राहतात. समोर नदी, पलीकडे चोडण, आणि चोडणला रिकामी चौकट: ‘भ्रमणध्वनी क्रमांक’. फॉर्म तिकडचा नंबर धरतो. म्हणजे नंबर लिहून झालेला आहे, संगणकाला तो माहीत आहे, भरणाऱ्याला माहीत आहे. तो फक्त पलीकडे न्यायचा आहे. मला स्वतःला सगळ्यांत जास्त हसू यायचं ते याचंच.

फेरीत एका वेळी तीन आकडे मावतात. रांगेच्या तोंडाशी असलेल्यालाच चढवता येतं. चढवले की भोंगा वाजवायचा, फेरी निघते. पलीकडे उतरताना लहान आकडे आधी, मोठे मागून. शून्य म्हणजे चालत जाणारा माणूस, एक ते तीन स्कूटरी, चार ते सहा मोटारी, सात-आठ टेंपो आणि नऊ म्हणजे बस. समजा नंबर ९८२ नं सुरू होतो. तिघांनाही एकदम घेतलं तर पलीकडे २८९ उतरतात. म्हणून नवाला एकट्यानं पाठवायचं, आठाला एकट्यानं. पुढे २, २, ५ असे चढते आकडे आले तर तिघे एका फेरीत बिनघोर जातात. चुकलं तर ‘परत’ बटण दाबलं की तेवढेच आकडे त्याच फेरीनं रायबंदरला येतात आणि पुन्हा रांगेच्या तोंडाशी उभे राहतात. नशिबाचा भाग शून्य. नियम कळला की कुठलाही नंबर पार होतो. फक्त तो कुठे लिहिलेला नाही.

रचना पक्की झाल्यावर खरं काम सुरू झालं, ते वेळेचं. फेरी किती सेकंदांत नदी ओलांडणार? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले तीन आकडे आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते लगेच झालंसं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही, आणि १० सेकंदांच्या पुढे लक्ष टिकत नाही. ऑफिसात हे आकडे आम्ही कमीत कमीकडे जाण्यासाठी वापरतो. इथे मला दुसऱ्या टोकाला शक्य तितकं जवळ जायचं होतं. २० सेकंदांची फेरी लावली तर माणसं दुसऱ्या टॅबमध्ये निघून जातात, आणि निघून गेलेल्याला छळणार कसं? २ सेकंदांची लावली तर तो नुसता खेळ होतो. ८ सेकंद बरोबर बसले. उठून जावंसं वाटायच्या जरा आधी फेरी धक्क्याला लागते, आणि मग ती रिकामी परत यायची आणखी ८ सेकंद वाट बघायची. सगळे आकडे उतरते असतील, ९८७६५४३२१० सारखे, तर दहा फेऱ्या नि नऊ परतीच्या: १५२ सेकंद. सगळे चढते असतील तर चार फेऱ्यांत ५६ सेकंद. मोबाइल नंबर सहाच्या खाली सुरू होत नाही, त्यामुळे बहुतेकांचा पहिलाच आकडा जड असतो आणि एकट्यानं जातो. बिचारी बस रिकाम्या फेरीत मधोमध उभी असते. ते दृश्य मी आखलेलं नव्हतं, गणितातून आपोआप आलं.

बाकी कुठे काही वाईट करायचं नाही, हे सांभाळताना मात्र दमछाक झाली. बाहेरच्यांना वाटतं की वाईट स्क्रीन म्हणजे किरटी अक्षरं, लाल पार्श्वभूमीवर हिरवा मजकूर, बटणं कुठेही. ग्रुपमध्ये नवीन आलेले हेच करतात आणि कुणी हसत नाही. वाचता येत नसेल तर विनोद पोचणार कसा? एक खोड सोडून बाकी सगळं निर्दोष लागतं, म्हणजे त्रास नेमका कुठे होतोय ते दिसतं. म्हणून मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक मी ४.५ ला १ च्या वर ठेवला, वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी तेवढा सांगितलाय. प्रत्येक आकडा ४८ पिक्सेलचा, अंगठ्याला नीट सापडेलसा. भोंग्याचं बटण स्क्रीनच्या खालच्या भागात, एका हातात फोन धरूनही दाबता येईल असं. नुसत्या की-बोर्डनंही सगळा प्रवास करता येतो. माझ्या रोजच्या कामातले स्क्रीन इतके सोवळे नसतात, तिथे कुणी ना कुणी घाई करतोच.

कोडमध्ये फार काही नव्हतं. आकडे उतरवताना क्रमानं लावायला जावास्क्रिप्ट या भाषेतली ‘सॉर्ट’ ही तयार सोय पुरली. तिची एक प्रसिद्ध खोड आहे: काही सांगितलं नाही तर ती आकड्यांनाही अक्षरं समजून लावते, त्यामुळे १०० हा ९ च्या आधी येतो. पण माझे सगळे एकेरी आकडे, त्यांना त्यानं काही फरक पडत नाही. इतकी छान खोड हाताशी असून कामाला आली नाही याची चुटपुट लागली. भोंग्यानं मात्र दोन रात्री खाल्ल्या. पान उघडल्याबरोबर तो वाजायला हवा होता, पण माणसानं पानावर काही दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाहीत. क्रोमनं हे २०१८ पासून लावलं, आणि जाहिरातींच्या किंचाळण्यातून आपली सुटका झाली. चांगल्या नियमानं माझ्या वाईट कामात खोडा घातला. शेवटी पहिला भोंगा भरणाऱ्याच्याच हातानं वाजवायचा असं ठरवलं, आणि ते जास्त बरं झालं. स्वतः वाजवलेला भोंगा, तरीही फेरी आपल्याच वेगानं जाते.

आमच्याकडे दाखवण्याच्या आधी बाहेरच्या कुणाकडून तरी भरून घेण्याची पद्धत आहे. ऑफिसातल्या दोघांना दिला. दोघेही प्रोग्रामर. पहिल्यानं तिघांना चढवलं, पलीकडे क्रम बदललेला बघून “बग आहे” म्हणाला आणि फोन परत दिला. दुसरीनं बराच वेळ लावला, तीन-चारदा ‘परत’ केलं, मग एकेकाला वेगळं पाठवून काम उरकलं. नियम तिलाही कळला नाही, तिनं नुसता सोशिकपणा दाखवला. मला वाटलं फारच अवघड झालंय, उतरण्याचा नियम कुठेतरी छोट्या अक्षरांत लिहावा.

मग मामाकडे गेले. मामा पणजीतल्या सरकारी नोकरीतून निवृत्त, जन्म चोडणचा. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा त्याला कामासाठी नदीपलीकडच्या बार्देश तालुक्यात जावं लागायचं, आणि पणजी–बेती फेरीच्या तेव्हाच्या रांगांच्या गोष्टी तो अजून रंगवून सांगतो. स्मार्टफोन त्याच्याकडे आहे, पण त्यावर बातम्या, भजनं आणि हवामान यांपलीकडे तो जात नाही.

“कितें गो हें?”

“फोन नंबर घाल, मामा. मग तो चोडणला ने.”

त्यानं चष्मा लावला, नंबर टाकला, रांग बघितली. पहिला नऊ एकटा चढवला आणि भोंगा वाजवला. मी न राहवून म्हटलं, “तिघे मावतात हां.”

“मावतात गो. पूण फाटल्यान स्कूटर घेतली जाल्यार ती पयलीं सुटतली. नंबर उरफाटो जातलो.”

मागून स्कूटर घेतली तर ती आधी सुटेल आणि नंबर उलटा होईल, एवढंच. त्यानं न चुकता, एकदाही ‘परत’ न दाबता अख्खा नंबर पलीकडे नेला. आणि मधल्या आठ-आठ सेकंदांत त्याला काही वाटलं नाही. फेरी जाऊन येईपर्यंत तो माझ्याशी गप्पा मारत होता, एकदा उठून पाणीही पिऊन आला. वस्तूंच्या रचनेचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांचं म्हणणं असतं की माणूस एखादी वस्तू वापरतो ते तिच्याबद्दल त्याच्या मनात असलेल्या चित्रावरून. माझ्या सहकाऱ्यांच्या मनात रांगेचं चित्र होतं: आधी गेला तो आधी बाहेर. मामाच्या मनात फेरीबोट होती. नियम लिहायचा विचार मी तिथेच सोडला.

त्याच्या मात्र दोन तक्रारी होत्या. एक, फेरीवर ‘फुडें घे, फुडें घे’ म्हणून ओरडणारा माणूस नाही. दुसरी जास्त गंभीर: परतीची फेरी रिकामी का? चोडणहून कुणाला पणजीला यायचं नसतं काय? मी म्हटलं, बघते.

महिनाअखेरच्या कॉलवर फार मजा आली. म्हापशाच्या मैत्रिणीनं ‘पुढे जा’ बटण असं केलं होतं की कर्सर जवळ नेला की ते लहान होत जातं. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं बारीक तितका ते गाठायला वेळ जास्त, हा मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम. हिनं तो भरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वाढवत नेला. अगदी जवळ गेलं की बटण तीळभर. पूर्ण करता येत नाही म्हणून आरडाओरडा झाला, तेव्हा तिनं शांतपणे टॅब दाबून एंटर मारलं आणि फॉर्म गेला. की-बोर्डची वाट तिनं उघडी ठेवली होती, माऊस सोडायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बंगळुरच्यानं आणलेल्या फॉर्मवर भांडण झालं. नंबर टाकायची चौकट अगदी साधी, पण खाली आधीच खूण केलेली एक ओळ: ‘माझा नंबर सहयोगी कंपन्यांना देण्यास माझी हरकत नसल्यास ही खूण काढू नये.’ खूण काढली की दुसरी ओळ यायची: ‘नको, मला चांगल्या सवलती आवडत नाहीत’ आणि तिच्यावर क्लिक करावं लागायचं. कारागिरी उत्तम होती. पण कुणी हसलं नाही. कॉलवर एक प्रकारची शांतता पसरली, मग साखळीचा म्हणाला, “हे मी काल खरोखर भरलंय.”

असल्या फसव्या रचनांना डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नावानिशी दिले: गोंधळात टाकणारे प्रश्न, नकार देणाऱ्याला लाजवणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, वर्गणीत अडकवून ठेवणं वगैरे. आमच्या बंगळुरकराच्या फॉर्मनं त्यातले दोन तरी गाठले होते. तो हट्टाला पेटला. म्हणे, वाईटच हवं होतं ना? माझं मत असं, आणि मी ते तिथे बोलले, की त्याचा फॉर्म वाईट नाहीच. तो ज्यानं बनवला त्याच्या कामाला तो अगदी चोख आहे. आमचा खेळ उघड्यावर छळण्याचा आहे. माझी फेरी तुमची दोन मिनिटं खाते आणि खातेय हे तुम्हाला दिसतं. त्यातून मला काही मिळत नाही. बऱ्याच वादानंतर नवा नियम झाला: भरणाऱ्याचा वेळ सोडून दुसरं काही घ्यायचं नाही. रस ऑम्लेट त्याच्यावर लागलं.

माझ्या फेरीला हशा चांगला मिळाला. बस एकटी नदी ओलांडायला लागल्यावर तर कुणीतरी मागून खराखुरा भोंगा वाजवला. ज्यांचे नंबर उतरते होते ते हैराण झाले. एकीच्या नंबराच्या शेवटी ६७८९ होतं, ती हरखून गेली. पण पहिला नंबर साखळीच्याचा आला, आणि मीही मत त्यालाच दिलं.

त्याच्या स्क्रीनवर चौकट नव्हती. नुसता एक प्रश्न, मोठ्या सुबक अक्षरांत: ‘तुमचा नंबर ७९९९९९९९९९ पेक्षा मोठा आहे का?’ खाली हो आणि नाही. हो म्हटलं की ‘धन्यवाद. तुमचा नंबर ८९९९९९९९९९ पेक्षा मोठा आहे का?’ मग ‘धन्यवाद. ९४९९९९९९९९ पेक्षा?’ असं चालू. दर उत्तराला उरलेले नंबर निम्मे होतात. ४०० कोटींतून एक नंबर काढायला जास्तीत जास्त ३२ प्रश्न पुरतात, कारण दोनाचा ३२ वा घात ४२९ कोटींच्या पुढे जातो. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षात शिकवतात ती द्विभाजन शोधाची पद्धत, तंतोतंत. पहिले चार प्रश्न कंटाळवाणे जातात. आठव्या-नवव्याला आपण काय करतोय ते लक्षात येतं. पंधराव्याला दोन दहा-आकडी नंबर एकाखाली एक धरून माणूस ओठ हलवत आकडे जुळवायला लागतो. विसाव्याच्या आसपास पुण्याचा चुकला. चुकीचं ‘हो’ दिलं, आणि पुढचे सगळे प्रश्न भलत्याच गल्लीत शिरले, तरी दर उत्तराला ‘धन्यवाद’ येतच राहिलं. शेवटी स्क्रीननं कुणातरी परक्याचा नंबर दाखवून ‘हाच का?’ विचारलं. पुण्याचा ‘नाही’ म्हणाला. ‘हरकत नाही. तुमचा नंबर ७९९९९९९९९९ पेक्षा मोठा आहे का?’

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागाहून विचार केला तेव्हा त्याचं काम माझ्यापेक्षा कशात सरस हे कळलं. माझ्या फेरीतल्या आकड्यांचं उतरणं, आठ सेकंद, तिघांची जागा, हे सगळं मी ठरवलेलं. मी दुसरं काही ठरवलं असतं तरी चाललं असतं. त्याच्या फॉर्ममध्ये ठरवलेलं काहीच नाही. हो-नाहीच्या प्रश्नांनी नंबर काढायचा म्हटला तर याहून कमी प्रश्नांत होतच नाही, हे गणितानं सिद्ध आहे. एक मूर्ख गोष्ट शक्य तितक्या उत्तम रीतीनं केलेली. त्यात सुधारणा सुचवायला जागाच नाही.

माझ्यात होती. कॉल संपल्यावर मामाच्या दोन्ही मागण्या मी घालून टाकल्या. ओरडणाऱ्या माणसाचा आवाज मामाचाच रेकॉर्ड केला, ‘फुडें घे’ तो इतक्या मनापासून म्हणाला की पुन्हा म्हणायला लावावं लागलं नाही. परतीच्या फेरीत आता चोडणहून दोघे-तिघे अनोळखी आकडे येतात, रायबंदरला उतरतात आणि आपापल्या वाटेनं निघून जातात. ते पूर्ण उतरल्याशिवाय तुमचा आकडा चढत नाही. दर खेपेला तीन सेकंद वाढले. त्या आकड्यांचं तुमच्या नंबराशी काही देणंघेणं नाही, पण ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी ते टिपून घेतले, काहीतरी खूण असेल म्हणून.

पुढचा विषय पडलाय जन्मतारीख. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०, त्यामुळे अर्ध्यांचं काम आयतंच झालंय. मामाला सहज विचारलं तर तो म्हणाला, तारीख कशाला विचारता, तिथी विचारा. शके, महिना, पक्ष आणि तिथी दिली की पंचांगावरून तारीख निघते, भरणाऱ्यानं फक्त आईला फोन करायचा. शिवाय अधिक महिना आहे. क्षयतिथीचं काय करायचं ते अजून ठरत नाही.